तरुण कॅबर्नेची पारख : एक आढावा

कॅबर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षावर बेतलेली लाल वाइन तरुणपणी चाखणाऱ्याला एकाच घोटात दोन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. ही वाइन आज कशी आहे, हा पहिला प्रश्न; दहा-वीस वर्षांनी ती कशी होईल, हा दुसरा. बहुतेक पांढऱ्या वाइन आणि पुष्कळशा लाल वाइनही वर्ष-दोन वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच बनवल्या जातात. त्यांच्या बाबतीत दुसरा प्रश्न उद्भवतच नाही. उत्तम कॅबर्नेचा भाव मात्र बव्हंशी दुसऱ्या उत्तरावर ठरतो आणि ते देण्यासाठी परीक्षकाच्या हाती पहिल्या उत्तराखेरीज फारसे काही नसते. पिंपातल्या सहा महिन्यांच्या वाइनपासून बाटलीत दोन-तीन वर्षे काढलेल्या वाइनपर्यंतचा टप्पा येथे ‘तरुण’ या शब्दात धरला आहे.

द्राक्ष आणि त्याची घडण

कॅबर्ने सोव्हिन्याँ हे कॅबर्ने फ्राँ हे काळे द्राक्ष आणि सोव्हिन्याँ ब्लाँ हे पांढरे द्राक्ष यांच्या नैसर्गिक संकरातून झाले. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन बॉवर्स आणि कॅरोल मेरेडिथ यांनी डीएनए तपासून हे सिद्ध केले आणि १९९७ साली प्रसिद्ध केले. ढोबळी मिरचीची आठवण करून देणारा हिरवा गंध या जातीला दोन्ही बाजूंनी मिळाला आहे.

या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड आणि गराच्या मानाने बिया मोठ्या. गर जवळजवळ रंगहीन असतो. रंग सालीत असतो आणि टॅनिन साल व बिया या दोन्हींत. त्यामुळे एक लिटर रसामागे या द्राक्षातून रंग आणि टॅनिन इतर बऱ्याच जातींपेक्षा जास्त उतरते. तरुण कॅबर्ने काळसर आणि तुरट असण्याचे मूळ कारण हेच.

ही जात उशिरा फुटते आणि उशिरा पिकते. फ्रान्समध्ये बोर्दो शहराच्या उत्तरेला, जिरोंद खाडीच्या पश्चिम काठावरच्या मेडॉक भागात तिला जागा मिळाली ती तिथल्या रेतीगोट्यांच्या जमिनीमुळे. या जमिनीतून पाणी झटकन निचरते आणि दिवसाची ऊब टिकून राहते. तरीही दर वर्षी ती पूर्ण पिकेलच याची खात्री नसते. म्हणून तिच्या जोडीला लवकर पिकणारे, मांसल चवीचे मर्लो लावतात. थोडे कॅबर्ने फ्राँ आणि चिमूटभर पेटी व्हर्दो असते. कॅबर्नेची चव सुरुवातीला आणि शेवटी ठसते पण मध्ये पोकळ वाटू शकते. ती पोकळी मर्लो भरून काढते. पोयाक, सँ-ज्युलियँ, मार्गो आणि सँ-एस्तेफ या गावांच्या नामांकित वाइनमध्ये सहसा निम्म्याहून अधिक वाटा कॅबर्नेचा असतो. अमेरिकेत बाटलीवर कॅबर्नेचे नाव छापायचे तर किमान ७५ टक्के तेच द्राक्ष असावे लागते.

रस सालींसह आंबवला जातो आणि त्यानंतरही काही दिवस सालींवर ठेवला जातो. मग जिवाणूंच्या साह्याने तीक्ष्ण मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल होते. पुढे वाइन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत वर्ष-दीड वर्ष मुरते. लाकडातून व्हॅनिलाचा, लवंगेचा, नारळाचा आणि धुराचा गंध येतो. अमेरिकन ओकमध्ये नारळाचा अंश फ्रेंच ओकपेक्षा ठळक असतो. पिंपातून हळूहळू मिळणारा प्राणवायू हा लाकडाच्या गंधाहून महत्त्वाचा, कारण रंग आणि टॅनिन एकमेकांशी जुळू लागतात ते त्याच्यामुळे.

चाखण्याची तयारी

परीक्षणासाठीच्या पेल्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९७७ सालचे आहे : बुडाशी फुगीर, तोंडाशी निमुळता, देठ असलेला, नक्षी नसलेला. त्यात साधारण ५० मिलिलिटर वाइन ओततात, म्हणजे पेला फिरवायला जागा राहते आणि गंध आत कोंडला जातो. पेला याच घाटाचा असावा असे नाही. तुलना करायच्या सर्व वाइनना एकसारखा पेला मिळणे अधिक महत्त्वाचे.

वाइन १६ ते १८ अंश सेल्सिअसला असावी. थंड वाइनमध्ये टॅनिन खरखरीत लागते आणि गंध मिटून जातो. गरम वाइनमध्ये अल्कोहोल नाकात चढते आणि बाकीचे झाकून टाकते. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या गार घरांतून आलेला आहे. मार्च-एप्रिलमधल्या पुण्या-नाशिकच्या खोलीत तो लागू पडत नाही. तिथे बाटली आधी काही वेळ फ्रिजमध्ये ठेवणेच योग्य.

बाटलीचे बूच नुसते काढून ठेवल्याने फारसे काही घडत नाही, कारण हवेशी संबंध येतो तो बाटलीच्या गळ्याएवढ्याच पृष्ठभागाचा. वाइन डिकँटरमध्ये किंवा पेल्यात ओतली तरच तिला हवा मिळते. तरुण कॅबर्ने ओतल्याबरोबर, तासाभराने आणि जमल्यास दुसऱ्या दिवशी अशी तीनदा चाखणे ही जुनी आणि उपयोगी रीत आहे. हवेत काही तासांतच जिचे फळ कोमेजते तिच्याबद्दल मोठ्या अपेक्षा ठेवता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी जी अधिक मोकळी होते तिच्यात दम आहे असे मानायला जागा असते. हा पुरावा निर्णायक नव्हे, कारण पेल्यातली हवा आणि बंद बाटलीतला काळ या सारख्या गोष्टी नाहीत.

बाटलीवरचे नाव झाकून चाखणे हा परीक्षणाचा पाया. सोबत पाणी आणि साधा पाव ठेवावा. चीज ठेवू नये, कारण त्यातले स्निग्धांश आणि प्रथिने तुरटपणा गिळून टाकतात आणि कडक वाइनही गोडसर भासते. परीक्षक वाइन गिळत नाहीत, तोंडात घोळवून थुंकतात. तरीही टॅनिनचा थर साचत जातो आणि एकामागून एक चाखलेल्या वाइनपैकी नंतरच्या जास्त तुरट वाटतात. म्हणून दोन वाइनमध्ये थोडा अवधी हवा, आणि क्रम उलटा करून पुन्हा चाखल्याखेरीज शेवटच्या वाइनवर ठपका ठेवू नये.

रंग

तरुण कॅबर्नेचा रंग गडद जांभळा असतो आणि पेला कलता धरला की कडेला निळसर-किरमिजी झाक दिसते. हा रंग अँथोसायनिन या द्रव्यांचा. ही सुटी द्रव्ये महिन्यागणिक कमी होत जातात आणि टॅनिनशी जोडलेली स्थिर रंगद्रव्ये त्यांची जागा घेतात. मग झाक माणकाकडे, पुढे विटकरीकडे वळते. दोन-तीन वर्षांच्या वाइनची कड विटकरी दिसली तर हवा लागली, उष्णता लागली किंवा द्राक्षातच रंग कमी होता, यांपैकी काहीतरी घडले असे समजावे.

रंगावरून आम्लतेचाही अंदाज येतो. आम्लता चांगली असेल तर लाली तजेलदार दिसते. पीएच चढा असेल तर रंग निळसर आणि मंद दिसतो. मात्र गडदपणा म्हणजे गुणवत्ता नव्हे. साली अधिक पिळून किंवा रस सालींवर अधिक काळ ठेवून गडद पण ओबडधोबड वाइन सहज बनवता येते.

रंग परीक्षकाची दिशाभूलही करतो. जिल मोरो, फ्रेडरिक ब्रोशे आणि देनी द्युबुर्दिय यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बोर्दोच्या ५४ वाइनशास्त्र-विद्यार्थ्यांना बोर्दोची एक पांढरी वाइन गंधहीन रंगाने लाल करून दिली. विद्यार्थ्यांनी तिच्या गंधाचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. म्हणून काटेकोर परीक्षणात काही वेळा काळे पेले वापरतात. रंगाची नोंद करून ती बाजूला ठेवणे आणि मग वास घेणे, हा त्यावरचा साधा उपाय.

गंध

वाइनचा गंध दोनदा घेतात : आधी पेला न हलवता, मग फिरवून. हलके, चटकन उडणारे गंध पहिल्या खेपेला कळतात. जड गंध दुसऱ्या खेपेला. तरुण कॅबर्नेचे गंध तीन गटांत मोडतात.

पहिला गट फळाचा. ब्लॅककरंट ही कॅबर्नेची खूण मानली जाते. भारतात हे फळ बहुतेकांना आइस्क्रीमच्या चवीतून ठाऊक असते. जवळचे शब्द हवे असतील तर पिकलेले जांभूळ आणि करवंद चालतील. त्यासोबत ब्लॅकबेरी, आलुबुखार आणि क्वचित जांभळ्या फुलांचा वास येतो.

दुसरा गट वनस्पतीचा. ढोबळी मिरचीचा गंध मेथॉक्सीपायराझीन गटातल्या एका संयुगाचा असतो आणि तो लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही नाकाला कळतो. फळ पिकताना आणि घडांवर ऊन पडताना हे संयुग घटत जाते. म्हणून त्याचे प्रमाण हा पक्वतेचा आणि मळ्याच्या निगेचा थेट पुरावा ठरतो. थोडा हिरवा गंध कॅबर्नेला ताजेपणा देतो. जास्त झाला तर कच्च्या फळाची साक्ष देतो. दुसऱ्या टोकाला फळ अतिपक्व झाले तर मनुका, सुके आलुबुखार आणि जॅम यांचे गंध येतात आणि जातीची ओळखच पुसली जाते. पुदिना किंवा निलगिरीचा गंध हे पिकण्याचे लक्षण नव्हे. मळ्याशेजारच्या निलगिरीच्या झाडांचे तेल द्राक्षांच्या सालीवर बसते, हे त्याचे एक ज्ञात कारण आहे.

तिसरा गट लाकडाचा : व्हॅनिला, लवंग, भाजलेली कॉफी, देवदार, तासलेली पेन्सिल. तरुण वाइनमध्ये लाकूड पुढे असणे स्वाभाविक आहे. फळ त्याच्या मागून स्पष्ट जाणवते की लाकूडच सगळी जागा व्यापते, एवढे पाहावे लागते. लाकडाचा गंध काळाबरोबर थोडा मावळतो, पण जे फळ मुळातच नव्हते ते नंतर येत नाही.

गंधाला नाव देणे ही सवयीची गोष्ट आहे. डेव्हिसच्या अॅन नोबल यांनी १९८०च्या दशकात तयार केलेल्या गंधचक्राने त्यासाठी सामाईक शब्दसंग्रह दिला. गंधांची यादी जेवढी लांब तेवढी परीक्षा खोल, असे मात्र नाही. गंध किती तीव्र आहे, किती स्वच्छ आहे आणि पेल्यात वेळ गेल्यावर बदलतो का, या तीन गोष्टी यादीपेक्षा जास्त सांगतात.

तोंडात

कॅबर्नेच्या परीक्षेचा गाभा येथे आहे. घोट तोंडभर फिरवून, थोडी हवा ओढून चाखतात. हवेमुळे गंध घशामागून नाकात जातो आणि चव भरून येते. गोड, आंबट, कडू यांचे जिभेवर वेगवेगळे कप्पे असल्याचा नकाशा अनेक जुन्या पुस्तकांत दिसतो, पण तो चुकीचा ठरला आहे. सर्व चवी जिभेच्या सर्व भागांत कमीअधिक कळतात.

आम्लता तोंडाला पाणी आणते आणि वाइनला कणा देते. अल्कोहोल ऊब, थोडा गोडवा आणि वजन देते, १४.५ टक्क्यांच्या पुढे ते घशात जळजळ म्हणून जाणवू लागते. या दोन्हींहून अवघड परीक्षा टॅनिनची.

आयुर्वेदात तुरट म्हणजे कषाय हा सहा रसांपैकी एक. आधुनिक संवेदनाशास्त्रात मात्र तुरटपणा मुख्यतः स्पर्श म्हणून धरला जातो. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना घट्ट चिकटते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ, गाल व हिरड्या एकमेकांवर घासल्यासारख्या वाटतात. कच्चे केळ किंवा सुपारी खाल्ल्यावर येतो तोच हा अनुभव. कडवटपणा ही वेगळी गोष्ट. ती चव आहे आणि ती वेगळी नोंदवावी.

टॅनिन किती, हा प्रश्न सोपा. कसे, हा महत्त्वाचा. पिकलेल्या सालीचे टॅनिन भरपूर असले तरी बारीक पोताचे लागते, तोंडभर पसरते आणि हळूहळू ओसरते. कच्च्या सालीचे आणि बियांचे टॅनिन टोचते, हिरड्यांशी साचते आणि मागे कोरडेपणा ठेवते. लाकडाच्या अतिरेकी टॅनिनचा कोरडेपणा सहसा शेवटी, जिभेच्या मधोमध जाणवतो. बोर्दोत हंगामाच्या दिवसांत मळेवाले द्राक्षाच्या बिया चावून पाहतात. त्या हिरव्या आणि कडू लागल्या तर तोडणी पुढे ढकलतात, तपकिरी आणि कुरकुरीत लागल्या तर काढणी सुरू करतात. त्या निर्णयाचा परिणाम पुढे पेल्यात चाखायला मिळतो.

यानंतर मधली चव पाहावी. घोट तोंडात गेल्यावर सुरुवातीच्या फळाचा आवेग आणि शेवटचा तुरटपणा यांच्यामध्ये काही आहे का? तिथे रस भरलेला असेल तर द्रव्यसंपन्नता आहे. तिथे पाणी असेल तर पुढे भरून येण्याची आशा नाही. शेवटी चव किती रेंगाळते ते मोजावे. फ्रेंच परीक्षक थुंकल्यानंतर टिकणाऱ्या गंधाचे सेकंद मोजतात आणि एका सेकंदाला एक कोदाली म्हणतात. मोजायचा तो फळाचा गंध. तुरटपणा किंवा अल्कोहोलची जळजळ कितीही टिकली तरी तो हिशेब वेगळा.

दोष

तरुण वाइनमध्ये काही गोष्टी दोषासारख्या भासतात पण नसतात. नुकतीच बाटलीत भरलेली वाइन काही आठवडे मुकी आणि विस्कळीत लागते. हवा न मिळालेल्या वाइनला आगकाडीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा हलका वास येतो. तो पेला फिरवल्यावर सहसा निघून जातो.

खरे दोष वेगळे. बुचातून येणारे टीसीए हे संयुग ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशीचा वास देते आणि अल्प प्रमाणात असले तर वास न जाणवताही फळ दाबून टाकते. अशा वेळी चांगली वाइन नुसती ‘साधी’ वाटते. अॅसेटिक आम्ल वाढले तर व्हिनेगरचा आणि त्यासोबत नेलपॉलिश रिमूव्हरचा वास येतो. ब्रेटॅनोमायसिस या यीस्टमुळे घोड्याच्या तबेल्याचा किंवा औषधी पट्टीचा वास येतो. पिंपांची स्वच्छता आणि गंधक-डायऑक्साइड यांत हयगय झाली की तो फोफावतो. बोर्दोच्या जुन्या वाइनमध्ये त्याचा हलका अंश अनेकांना आवडत असे. तरुण वाइनमध्ये मात्र तो धोक्याची सूचना आहे, कारण बाटलीत तो वाढू शकतो.

काळाचे काम

वय वाढताना टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात, काही साखळ्या तुटून पुन्हा नव्याने जुळतात आणि त्यांतला काही भाग गाळ होऊन बाटलीच्या तळाशी बसतो. तोंडाला तुरटपणा कमी जाणवतो. फळाचा ताजा गंध मागे सरतो आणि देवदार, तंबाखू, चामडे, ओली पाने असे गंध पुढे येतात. आम्लता मात्र जवळजवळ तेवढीच राहते. यातून परीक्षेचा एक नियम निघतो : ज्या घटकाला काळ मऊ करतो त्याचे आधिक्य क्षम्य, ज्याला करत नाही त्याचे नाही. बारीक पोताचे टॅनिन जास्त असले तरी चालते. जास्त अल्कोहोल, कमी आम्लता आणि रिकामी मधली चव यांवर वय हा उपाय नाही.

हे बदल सरळ रेषेत होत नाहीत. बाटलीत काही वर्षे गेल्यावर पुष्कळ कॅबर्ने मिटून बसतात; फळ गेलेले असते आणि नवे गंध आलेले नसतात. त्या अवस्थेत चाखलेल्या वाइनवर शेवटचा निवाडा देऊ नये.

कडकपणा आणि दीर्घायुष्य

तरुणपणी जी कडक तीच पुढे मोठी होते, ही समजूत वाइनच्या व्यापारात दीर्घकाळ टिकली. बोर्दोच्या दोन हंगामांनी तिला तडा दिला. १९७५च्या वाइन जाड टॅनिनमुळे दीर्घायुषी मानल्या गेल्या. त्यांतल्या पुष्कळ वाइनचे फळ टॅनिन मऊ होण्याआधीच संपले. १९८२च्या वाइन पिंपातच मऊ, पिकलेल्या आणि मोहक होत्या. त्या टिकणार नाहीत असे काही समीक्षकांनी म्हटले. अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी त्यांची मुक्त प्रशंसा केली आणि पार्कर यांची स्वतःची कीर्ती त्याच हंगामावर उभी राहिली. त्या सालच्या उत्तम वाइन दशकानुदशके टिकल्या. बोर्दो विद्यापीठातले एमिल पेनो यांनी पिकलेले फळ, स्वच्छ पिंपे आणि पोताने मऊ टॅनिन यांचा आग्रह धरला होता. चांगली वाइन तरुणपणीही चांगली लागते, हा विचार रुजण्यात त्यांच्या शिकवणीचा मोठा वाटा आहे.

पॅरिसमधली २४ मे १९७६ची चाखणी या प्रश्नाचा दुसरा पैलू दाखवते. ब्रिटिश व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी फ्रेंच परीक्षकांपुढे कॅलिफोर्नियाच्या सहा आणि बोर्दोच्या चार लाल वाइन नावे झाकून ठेवल्या. नापा खोऱ्यातली स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ची कॅबर्ने पहिली आली. बोर्दोची १९७०ची मुताँ-रोथशिल्ड दुसरी. बोर्दोच्या वाइन अजून कोवळ्या होत्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन लवकर खुलतात पण टिकत नाहीत, असा आक्षेप निघाला. त्याच वाइन १९८६ साली पुन्हा चाखल्या गेल्या तेव्हा आधी आठवी असलेली कॅलिफोर्नियाची क्लो द्यु व्हाल पहिली आली. २००६ साली, तीस वर्षांनंतर, आधी पाचवी असलेली रिज माँटे बेल्लो १९७१ पहिली आली आणि पहिली पाचही स्थाने कॅलिफोर्नियाला मिळाली. म्हणजे आक्षेप खोटा ठरला. पण तरुणपणीचा क्रमही टिकला नाही. या वाइन टिकतील की नाही हे तरुणपणी सांगता आले असते. टिकलेल्यांत पहिली कोण, हे नाही.

पिंपातले नमुने

बोर्दोत तोडणीनंतरच्या वसंतात, वाइन जेमतेम सहा महिन्यांची असताना, जगभरचे व्यापारी आणि समीक्षक ती चाखायला जमतात. या पद्धतीला आँ प्रिमर म्हणतात. ग्राहक तेव्हाच पैसे भरतो आणि बाटली त्याला साधारण दोन वर्षांनी मिळते. शातो लातुर या मळ्याने २०११च्या हंगामानंतर ही पद्धत सोडली आणि वाइन पिण्यायोग्य झाल्यावरच विकायला काढण्याचे ठरवले.

पिंपातल्या नमुन्याच्या मर्यादा उघड आहेत. अंतिम मिश्रण ठरलेले असतेच असे नाही. एकाच वाइनचे नवे पिंप आणि जुने पिंप यांची चव वेगळी लागते. काढून ठेवलेला नमुना काही तासांत हवेने उतरतो. शिवाय नमुना निवडतो तो विक्रेताच. अशा चाखणीत गंधांच्या तपशिलाला फारसा अर्थ नाही. फळ पिकले आहे का, टॅनिनचा पोत कसा आहे, मधली चव भरलेली आहे का आणि चव किती रेंगाळते, एवढ्याच चार गोष्टी विश्वासाने सांगता येतात.

याच कारणाने काहींनी पेल्याऐवजी हवामानाकडे पाहिले. प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अॅशनफेल्टर यांनी बोर्दोच्या जुन्या हंगामांचे लिलावातले भाव तपासून सूत्र मांडले : आधीच्या हिवाळ्यात पाऊस भरपूर, वाढीच्या महिन्यांत उष्णता जास्त आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस कमी, असे साल चांगले. समीक्षकांना हे रुचले नाही. संपूर्ण हंगामाचा कल सांगण्यात सूत्र बरेच यशस्वी ठरले. एका मळ्याची वाइन दुसऱ्यापेक्षा सरस का, हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी चाखणे अटळ आहे.

गुण आणि गुण देणारे

निर्णय आकड्यात मांडण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. २० गुणांची पद्धत डेव्हिसमध्ये रूढ झाली आणि युरोपातही तिची रूपे वापरात आहेत. पार्कर यांनी १९७८ साली सुरू केलेल्या ‘द वाइन अॅडव्होकेट’मधून १०० गुणांची पद्धत लोकप्रिय केली, ती प्रत्यक्षात ५०पासून सुरू होते. तरुण वाइनला अनेक समीक्षक एक आकडा न देता ९२ ते ९४ असा पट्टा देतात, आणि बाटलीत भरल्यावर तो पक्का करतात.

आकड्यांचा भरवसा किती, हे रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्निया राज्य जत्रेतल्या स्पर्धेत तपासले आणि २००८ साली प्रसिद्ध केले. एकाच बाटलीतली वाइन परीक्षकांना त्यांच्या नकळत तीनदा दिली गेली. सुमारे १० टक्के परीक्षकांनीच तिला तिन्ही वेळा एकाच पदकाच्या कक्षेत ठेवले. तेवढ्याच परीक्षकांनी तिला एकदा कांस्य आणि एकदा सुवर्ण इतक्या अंतराचे गुण दिले. यावरून चाखणे व्यर्थ ठरत नाही. एका माणसाच्या एका वेळच्या आकड्यातला एक-दोन गुणांचा फरक निरर्थक असतो, इतकेच ठरते. अनेकांची मते, पुनःपुन्हा चाखणे आणि आकड्यामागची कारणे लिहिणे, हे त्यावरचे उपाय.

नाशिक आणि अकलूज

महाराष्ट्रात कॅबर्नेची परीक्षा वेगळ्या निकषांनी करावी लागते. येथे वेलींची फळछाटणी पावसाळा सरल्यावर होते आणि वाइनची द्राक्षे सर्वसाधारणपणे जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात. बोर्दोत फळ थंड होत जाणाऱ्या दिवसांत पिकते. नाशिकमध्ये ते तापत जाणाऱ्या दिवसांत पिकते. त्यामुळे साखर झपाट्याने चढते आणि आम्लता झपाट्याने उतरते. साखरेचा आकडा गाठला म्हणून तोडणी केली तर साल आणि बिया मागे राहिलेल्या असू शकतात. मग पेल्यात अल्कोहोल भरपूर आणि टॅनिन हिरवे, असा विसंगत मेळ दिसतो.

म्हणून येथल्या तरुण कॅबर्नेत पहिली तपासणी आम्लतेची. घोटानंतर तोंडाला पाणी सुटते का? आम्लता टार्टारिक आम्ल घालून सावरलेली असेल आणि ते काम नेटके झाले नसेल, तर आंबटपणा फळापासून सुटा, शेवटी टोकदार लागतो. दुसरी तपासणी हिरव्या गंधाची. तो पिकलेल्या जॅमसारख्या फळासोबत आला तर पिकण्यात असमतोल होता. भारतीय उत्पादक कॅबर्नेला अनेकदा शिराझची जोड देतात, कारण शिराझ उष्ण हवेत सहज पिकते आणि मधली चव भरते. कर्नाटकातल्या नंदी हिल्स परिसरातल्या ग्रोव्हर वायनरीची ‘ला रिझर्व्ह’ हे याचे ठळक उदाहरण. तिच्या घडणीत बोर्दोचे सल्लागार मिशेल रोलाँ यांचा हात होता. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची फ्रातेल्ली वायनरी ‘सेत्ते’ या वाइनमध्ये कॅबर्नेसोबत इटलीचे सांजोव्हेझे वापरते, या द्राक्षाची उपजत आम्लता चढी असल्याने तो मेळ उष्ण प्रदेशात तर्कशुद्ध आहे.

यांतल्या बहुतेक वाइन तरुणपणीच प्यायच्या असतात आणि त्यांना बोर्दोच्या दीर्घायुष्याच्या मापाने मोजणे योग्य नाही. आजचा समतोल हाच त्यांचा मुख्य निकष. साठवणुकीचा प्रश्न मात्र कोणत्याही देशाच्या वाइनला येथे लागू आहे. दुकानात किंवा वाहतुकीत उन्हाळा सोसलेल्या बाटलीचे बूच वर सरकते, गळ्याशी वाइन झिरपते आणि फळ शिजल्यासारखे लागते. अशी खूण दिसली तर दोष मळ्याचा की साठवणुकीचा, हे दुसरी बाटली उघडल्याशिवाय ठरवू नये.

नोंद आणि निष्कर्ष

उपयोगी नोंदीत निरीक्षण आणि अंदाज वेगवेगळे लिहिलेले असतात. निरीक्षणात साल, बाटली की पिंप, चाखण्याची तारीख, तापमान, ओतल्यापासूनचा वेळ आणि मग रंग, गंध, आम्लता, टॅनिनचे प्रमाण व पोत, मधली चव आणि रेंगाळणारी चव हे येते. अंदाजात पिण्याचा काळ येतो, आणि तो एका सालात न सांगता पट्ट्यात सांगतात. चव समतोल पण फिकी असेल तर दोन-तीन वर्षांत पिणे चांगले. समतोल आणि भरीव असेल, टॅनिन बारीक असेल आणि फळ त्याच्यामागून स्पष्ट दिसत असेल, तर दहा वर्षे आणि त्यापुढेही ठेवता येते. टॅनिन फळाच्या पुढे असेल तर थांबण्यात फायदा नाही. ती आज मांसाहारी, स्निग्ध जेवणासोबत प्यावी, कारण प्रथिने टॅनिनला बांधून घेतात.

अंदाज खरा की खोटा हे ठरते ते तीच वाइन पुढे पुन्हा चाखल्यावर. त्यासाठी एकाच वाइनच्या किमान तीन बाटल्या घेण्याची रीत आहे : एक लगेच उघडायची, एक अंदाजातल्या काळाच्या सुरुवातीला आणि एक त्याच्या शेवटी, प्रत्येक वेळी आधीची नोंद नव्या नोंदीनंतरच वाचायची.